राउटर बंद पडला तेव्हा नाही, परत आला तेव्हा नेट जातं: व्हीआरआरपीचा सारखा सारखा येणारा प्रॉब्लेम

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमच्याकडे हेच होतंय का ते लगेच कळेल. दोन राउटर आहेत, दोघांत मिळून एक व्हर्च्युअल आयपी आहे, म्हणजे जो राउटर कामावर असेल त्याच्याकडे जाणारा पत्ता, आणि सगळ्या पीसींना गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, म्हणून तोच दिलाय. कामावर कोण हे राउटर ज्या प्रोटोकॉलने आपसात ठरवतात तो व्हीआरआरपी. मेन राउटर बंद पडला की दुसरा तीन-चार सेकंदात ताबा घेतो, कुणाला कळतही नाही. पण मेन राउटर परत चालू झाला की नेट जातं. आणि जातं तेही सगळ्यांचं सारखं नाही, काही पीसी पाऊण मिनिटात सुरू होतात, काहींना दोन मिनिटं लागतात, आणि एखादा मजला अख्खी दुपार बंद राहतो. मग कुणीतरी वैतागून स्विच बंद-चालू करतं, सगळं सुरळीत होतं, आणि पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच.

मी हे सांगलीकडच्या एका पतसंस्थेच्या मुख्य ऑफिसात चार महिने भोगलंय. खाली काउंटर, वर अकाउंट्स आणि कर्ज विभाग. राउटर म्हणून दोन लिनक्स बॉक्स, दोन्हींवर कीपअलाइव्हड, म्हणजे लिनक्सवर व्हीआरआरपी चालवणारा प्रोग्राम. आयएसपीची एकच लाईन, ती एका छोट्या साध्या स्विचमध्ये आणि तिथून दोन्ही बॉक्सना. आयएसपीने आठ पत्त्यांचा ब्लॉक दिलाय, त्यातला एक पत्ता बाहेरच्या बाजूचा व्हर्च्युअल आयपी आणि सगळं नॅट, म्हणजे आतल्या पीसींची पॅकेट बाहेरच्या एका पत्त्याच्या नावाने पाठवणं, त्याच पत्त्यावरून होतं. आतल्या बाजूला १९२.१६८.१०.१ हा गेटवे, मेन राउटर .२ आणि दुसरा .३. म्हणजे दोन व्हीआरआरपी ग्रुप, एक आतला आणि एक बाहेरचा, आणि दोन्ही एकत्र हलावेत म्हणून सिंक ग्रुपमध्ये बांधलेले. मेनची प्रायॉरिटी १५०, दुसऱ्याची १००. जास्त प्रायॉरिटीवाला मास्टर, म्हणजे कामावर, आणि दुसरा बॅकअप. वरच्या मजल्यावर एक लेअर थ्री स्विच आहे, म्हणजे रूटिंगही करणारा स्विच, त्याचा डिफॉल्ट रूट याच १०.१ कडे.

मेन राउटरच्या यूपीएसची बॅटरी उतरली होती, त्यामुळे दुपारी लाईट जरा जरी गेली तरी तो रीबूट व्हायचा. बॅटरी नंतर बदलली, पण मला ते उत्तर वाटत नव्हतं. दोन राउटर लावले ते कशासाठी, एक पडला तर काम चालू राहावं म्हणूनच ना. काउंटरवर पेन्शनवाले आजी-आजोबा रांगेत उभे असतात, पासबुक भरायचं असतं, आणि कॅशियर काकू स्क्रीनकडे बघत बसतात, ते बघवत नाही हो.

चार महिन्यांत काय काय केलं तेही सांगते, कारण बहुतेक लोक याच वाटेने जातात. आयएसपीला तक्रार केली, त्यांची लाईन स्वच्छ निघाली. लेअर थ्री स्विच खराब आहे असं ठरवून बदलायला निघालो, कारण तो रीस्टार्ट केला की वरचा मजला चालू व्हायचा, त्यामुळे संशय त्याच्यावरच जाणार. दोन्ही राउटरवर कीपअलाइव्हड नवीन व्हर्जनला नेला. आणि दर वेळी टेस्ट करायचो ती सर्व्हिस बंद करून, दुसरा राउटर एका सेकंदाच्या आत ताबा घ्यायचा आणि आम्ही खूश.

त्या टेस्टमध्येच एक फसवणूक आहे, ती आधी समजून घ्या. व्हीआरआरपीत मास्टर दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांनी ऐकायच्या, पत्त्यावर "मी आहे" अशी जाहिरात करत असतो. बॅकअप ते ऐकत बसतो, आणि तीन सेकंद अधिक थोडा जादा वेळ काही ऐकू आलं नाही तर स्वतः मास्टर होतो. तो जादा वेळ म्हणजे २५६ मधून आपली प्रायॉरिटी वजा करायची आणि २५६ ने भागायचं, १०० प्रायॉरिटीला ०.६१ सेकंद, म्हणून एकूण ३.६१ सेकंद. पण सर्व्हिस नीट बंद केली की जाणारा मास्टर प्रायॉरिटी शून्य टाकून शेवटचा निरोप पाठवतो, मग बॅकअप फक्त तो ०.६१ सेकंदच थांबतो. लाईट गेल्यावर निरोप बिरोप कोणी पाठवत नाही. त्यामुळे सर्व्हिस बंद करून केलेली टेस्ट म्हणजे सगळ्यात सोपा प्रसंग, आणि सर्व्हिस परत चालू करताना नेटवर्क कार्डची लिंक पडतच नाही, त्यामुळे खरा घोटाळा त्या टेस्टमध्ये दिसूच शकत नाही.

आता उत्तर कसं सापडलं ते. एका दुपारी लाईट गेली, मेन परत आला, वरचा मजला बंद पडला, आणि त्या दिवशी मी तिथेच होते. मी सगळ्यांना सांगितलं की पाच मिनिटं कुणी काही बंद-चालू करू नका. वर जाऊन लेअर थ्री स्विचचं एआरपी टेबल बघितलं, म्हणजे कुठला आयपी कुठल्या मॅकवर, कार्डाच्या हार्डवेअर पत्त्यावर, आहे याची यादी. १०.१ च्या समोर जो मॅक पत्ता होता तो दुसऱ्या राउटरच्या कार्डाचा होता. आणि त्या क्षणाला मास्टर होता मेन! दोन्ही राउटरवर लॉग बघितला, दोघांचं एकमत होतं की मेन मास्टर, दुसरा बॅकअप. राउटरांचं भांडण नव्हतंच, फक्त बाकीच्या नेटवर्कला कुणी सांगितलं नव्हतं की घर बदललंय.

म्हणून तुमच्याकडे हा प्रकार झाला तर पहिलं काम हेच करा, काहीही रीस्टार्ट करायच्या आधी. बंद पडलेल्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एआरपीची यादी काढा, गेटवेसमोरचा मॅक लिहून घ्या, आणि तो कुठल्या राउटरचा आहे ते जुळवा. रीस्टार्ट केलात की पुरावा गेला. आम्ही चार महिने पुरावाच पुसत होतो.

इथे एक गोष्ट माहीत पाहिजे. व्हीआरआरपीच्या नियमाप्रमाणे ग्रुपला स्वतःचा व्हर्च्युअल मॅक असतो, ००-००-५ई-००-०१ आणि शेवटच्या जोडीत ग्रुपचा नंबर. राउटर बदलला तरी तो मॅक तोच राहतो, त्यामुळे पीसींना काही कळायची गरजच नसते. पण लिनक्सवरचा कीपअलाइव्हड तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय हा व्हर्च्युअल मॅक वापरत नाही, तो आयपी आपल्या कार्डावर चढवतो आणि कार्डाचाच मॅक वापरतो. मग मास्टर बदलला की मॅकही बदलतो, आणि ते सगळ्यांना कळावं म्हणून तो ग्रॅच्युइटस एआरपी पाठवतो, म्हणजे कुणी न विचारता "१०.१ आता माझ्याकडे" अशी दवंडी. डिफॉल्टला ही दवंडी मास्टर झाल्याबरोबर एकदा आणि मग पाच सेकंदांनी परत एकदा, दोन्ही वेळा पाच-पाच पॅकेट. त्यानंतर गप्प.

मग दवंडी गेली कुठे? यासाठी पुढच्या वेळी तयारी करून ठेवली. दोन्ही राउटरवर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट टिपणारा प्रोग्राम, लावला, फिल्टर प्रोटोकॉल ११२ (म्हणजे व्हीआरआरपी) आणि एआरपी, वेळेसकट फाईलमध्ये. शिवाय एका पीसीवर सतत पिंग. रविवारी ऑफिस बंद असताना मेनचा प्लग काढला, दोन मिनिटांनी लावला आणि फायली शेजारी शेजारी ठेवल्या. मेनच्या कार्डाची लिंक वर आली तो क्षण शून्य धरा. साधारण बाराव्या सेकंदाला कीपअलाइव्हड सुरू झाला. सोळाव्याला मेन दोन्ही ग्रुपांत मास्टर झाला आणि त्याने दवंडी दिली, एकविसाव्याला परत दिली, त्याच्या स्वतःच्या फाईलमध्ये दोन्ही वेळची पॅकेट स्पष्ट दिसतात. आणि दुसऱ्या राउटरच्या आतल्या बाजूच्या फाईलमध्ये त्यातलं एकही पॅकेट नाही. तिसाव्या सेकंदापर्यंत मेनकडून आत काहीच आलं नाही, आणि त्यानंतर एकदम सगळं यायला लागलं.

तीस सेकंद म्हटल्यावर ज्यांनी स्विचवर काम केलंय त्यांच्या लक्षात आलंच असेल. स्पॅनिंग ट्री. पोर्टची लिंक वर आली की स्विच लगेच ट्रॅफिक सोडत नाही, आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद मॅक शिकतो, मग पोर्ट उघडतो, लूप होऊ नये, म्हणजे पॅकेट गोल गोल फिरत राहू नयेत, म्हणून. मेन राउटर ज्या पोर्टमध्ये होता तो साधा पोर्ट होता, एज पोर्ट, म्हणजे समोर दुसरा स्विच नसलेला पोर्ट, म्हणून सांगितलेला नव्हता. त्यामुळे राउटरच्या हिशोबाने लिंक चालू, पोर्ट चालू, दवंडी दिली, काम झालं. आणि स्विचने ती सगळी दवंडी बंद दारावर टाकून दिली. आमच्याकडे रॅपिड स्पॅनिंग ट्री आहे असं म्हणून निश्चिंत राहू नका, समोर स्पॅनिंग ट्री बोलणारं कोणी नसेल आणि पोर्ट एज नसेल तर रॅपिडलाही तेवढेच तीस सेकंद लागतात. काही स्विच एज पोर्ट आपोआप ओळखतात, पण ते चालू आहे का हे बघितल्याशिवाय धरून चालू नका.

आणि आता बाहेरची बाजू बघा, कारण खरी पंचाईत तिथून झाली. बाहेरचा छोटा स्विच साधा, त्यात स्पॅनिंग ट्री नाहीच, त्यामुळे तिथे मेनची पॅकेट लगेच पोचली. दुसऱ्या राउटरने बाहेरच्या बाजूने १५० प्रायॉरिटी ऐकली आणि शहाण्यासारखा बाजूला झाला, आणि सिंक ग्रुप असल्यामुळे आतला आयपीसुद्धा सोडून मोकळा झाला. मेनचं आतलं दार अजून बंद. म्हणजे सोळाव्या ते तिसाव्या सेकंदापर्यंत आत गेटवेच नाही. त्यानंतर दार उघडलं, पण दवंडी देऊन झालेली. पीसी आणि लेअर थ्री स्विच जुन्याच मॅकवर पॅकेट टाकत राहिले, ती दुसऱ्या राउटरकडे गेली, तोही राउटरच असल्यामुळे त्याने ती इमानदारीने पुढे पाठवली, नॅट करून, बाहेरच्या व्हर्च्युअल आयपीच्या नावाने. आणि तो पत्ता आता मेनकडे. उत्तरं मेनकडे आली, मेनला त्या कनेक्शनची माहितीच नाही, त्याने ती टाकून दिली. मेनच्या बाहेरच्या फाईलमध्ये न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं येताना दिसत होती तेव्हा डोक्यात एकदम सगळं जुळलं.

काही पीसी लवकर आणि काही उशिरा का, तेही यातच आहे. प्रत्येकाच्या एआरपीची मुदत वेगळी. विंडोज आणि लिनक्स साधारण १५ ते ४५ सेकंदांत नोंद शिळी मानून परत चौकशी करतात, त्यामुळे ते आपोआप सुधारतात, फक्त बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये परत लॉगिन करावं लागतं म्हणून वेळ जास्त वाटतो. पण स्विच-राउटरांची मुदत मोठी असते, उदाहरणार्थ सिस्कोच्या आयओएसमध्ये डिफॉल्ट ४ तास. वरच्या मजल्याची दुपार का जात होती ते आता कळलं, आणि स्विच रीस्टार्ट केल्यावर का चालू व्हायचं तेही कळलं. टेबल रिकामं व्हायचं, बस्स. स्विच निर्दोष होता.

आता उपाय. पहिला आणि खरा उपाय म्हणजे राउटर ज्या पोर्टांत आहेत ते एज पोर्ट करा, काही कंपन्या त्याला पोर्टफास्ट म्हणतात. मग लिंक वर आली की पोर्ट लगेच उघडतो. त्याच पोर्टवर बीपीडीयू गार्डही लावा, म्हणजे उद्या कुणी चुकून राउटरच्या जागी दुसरा स्विच जोडला तर पोर्ट बंद होईल, लूप होणार नाही. पोर्ट व्हीलॅनचा ट्रंक, म्हणजे एकाच केबलवरून अनेक वेगळी नेटवर्क (व्हीलॅन) नेणारा, असेल तर काही स्विचवर साधी एज पोर्टची सेटिंग लागू होत नाही, ट्रंकसाठी वेगळा शब्द जोडावा लागतो, आणि सेटिंग घेतली असं दाखवूनही ती लागलेली नसते. म्हणून सेटिंग केल्यावर पोर्टची स्थिती उघडून बघाच. आमचा ट्रंकच होता आणि पहिल्या वेळी मी इथेच अडकले.

दुसरा उपाय दवंडीचा. कीपअलाइव्हडमध्ये गार्प मास्टर रिफ्रेश नावाची सेटिंग आहे (गार्प म्हणजे तीच ग्रॅच्युइटस एआरपी), डिफॉल्टला शून्य म्हणजे बंद. तिला ३० सेकंद दिले की मास्टर दर ३० सेकंदांनी दवंडी देत राहतो. शंभर-दीडशे मशीनच्या ऑफिसला याचा काही भार नाही. एज पोर्ट नीट असला तरी मी हे ठेवलंय, कारण दवंडी हरवायची कारणं स्पॅनिंग ट्रीशिवायही असतात. अजून एक सेटिंग आहे की कमी प्रायॉरिटीवाल्याची जाहिरात ऐकू आली तर मास्टरने परत दवंडी द्यावी, पण आमच्या प्रसंगात दुसरा राउटर आधीच गप्प बसला होता, त्यामुळे तिचा उपयोग झाला नसता. सिंक ग्रुप नसेल तर होतो.

तिसरा, घाईघाईने परत येऊ न देणं. मेन परत आला की त्याने लगेच खुर्ची मागायची गरज काय, दुसरा व्यवस्थित काम करतोय की. व्हीआरआरपीत जास्त प्रायॉरिटीवाला परत ताबा घेतो हे डिफॉल्टला चालू असतं, त्याला प्रीएम्प्ट म्हणतात. कीपअलाइव्हडमध्ये नोप्रीएम्प्ट लिहिलं की ते बंद. अट एकच, दोन्ही राउटरची सुरुवातीची स्टेट बॅकअप लिहायची, एकावर मास्टर लिहिलं तर नोप्रीएम्प्ट लागू होत नाही. इंटरनेटवरचे बरेच नमुने एकावर मास्टर लिहिलेले असतात, तिथून उचललं असेल तर बघून घ्या. परत यायला हवंच असेल तर नवीन व्हर्जनमध्ये व्हीआरआरपी स्टार्टअप डिले आहे, त्याला ६० सेकंद द्या, म्हणजे बूट झाल्यावर पोर्ट, रूट, नॅट सगळं जागेवर बसेपर्यंत तो निवडणुकीत उतरत नाही.

नोप्रीएम्प्ट लावताना मात्र एक खड्डा आहे आणि तो फार वाईट आहे, कारण तो लगेच दिसत नाही. बऱ्याच जणांनी एक चेक स्क्रिप्ट लावलेली असते, स्क्रिप्ट फेल झाली की प्रायॉरिटीतून अमुक इतकी वजा. समजा मास्टरची प्रायॉरिटी १५०, स्क्रिप्ट फेल झाल्यावर ६० वजा, झाले ९०, बॅकअपची १००, त्यामुळे बॅकअप वर येणार. हे प्रीएम्प्टच्या जोरावर चालतं. नोप्रीएम्प्ट लावल्यावर बॅकअप म्हणतो, समोर मास्टर बोलतोय ना, मग माझी प्रायॉरिटी जास्त असली तरी मी उठणार नाही. म्हणजे बाहेरची केबल तुटली तरी मास्टर ९० प्रायॉरिटीने गेटवे धरून बसणार आणि सगळ्यांचं नेट बंद. यावर उपाय म्हणजे स्क्रिप्टला वेट, म्हणजे वजा करायचा तो आकडा, द्यायचंच नाही. वेट शून्य असलं की स्क्रिप्ट फेल झाल्यावर तो राउटर फॉल्ट स्टेटमध्ये जातो, जाहिरात थांबवतो, आणि मग बॅकअप नेहमीसारखा वर येतो. सिंक ग्रुप असेल तर तसंही वेटच्या भानगडीत पडू नका.

वेटची दुसरी नेहमीची चूक म्हणजे आकडा कमी असणं. १५० मधून २० गेले तर १३० राहिले, ते १०० पेक्षा जास्तच, कधीच बदल होणार नाही. हे मी दोन ठिकाणी बघितलंय आणि दोन्हीकडे वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि स्क्रिप्ट काय तपासते हेही बघा. आमच्याकडे ती बाहेरच्या एका प्रसिद्ध डीएनएसच्या पत्त्याला पिंग करायची. पण लाईन एकच, ती गेली तर दोन्ही राउटरचं पिंग एकदम फेल, दोघेही फॉल्टमध्ये, आणि आतला गेटवेच गायब, त्याच्याबरोबर राउटरवरचं डीएचसीपी (पीसींना आयपी वाटणारं) आणि आतलं डीएनएसही. त्यापेक्षा दोघांच्या बाहेरच्या कार्डाची लिंक तपासणं पुरेसं होतं, त्याला ट्रॅक इंटरफेस म्हणतात, स्क्रिप्ट काढूनच टाकली. दोन वेगळ्या लाईन असतील तर पिंगला अर्थ आहे, पण मग एकाच पत्त्याला करू नका आणि एक पिंग चुकलं की फेल असं धरू नका, तीन वेळा फेल आणि दोन वेळा पास असं काहीतरी ठेवा, नाहीतर राउटर दिवसभर खुर्ची बदलत बसतील.

व्हर्च्युअल मॅक चालू करणं हाही एक मार्ग होता. तो वापरला असता तर एआरपी बदललाच नसता, आणि जाहिरात दर सेकंदाला त्याच मॅकवरून जाते म्हणून स्विचलाही पोर्ट कळत राहिला असता. मी नाही घेतला कारण लिनक्सवर त्यासाठी वेगळा इंटरफेस तयार होतो, आरपी फिल्टर आणि एआरपीच्या कर्नल सेटिंग बघाव्या लागतात, आणि मी नसताना ते दुसऱ्या कुणाला सांभाळायला अवघड जाईल. व्हीएमवेअरवर राउटर असतील तर पोर्ट ग्रुपची सुरक्षा सेटिंगसुद्धा सैल करावी लागते. तुमच्याकडे एआरपी धरून बसणारी उपकरणं खूप असतील, हजेरीची मशीन, कॅमेरे, जुने प्रिंटर, तर मात्र हा मार्ग जरूर बघा.

तुमचं लक्षण वेगळं असेल, म्हणजे दोन्ही राउटर कायमच स्वतःला मास्टर म्हणत असतील, तर गोष्ट वेगळी आहे, ते एकमेकांना ऐकतच नाहीत. यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण फायरवॉल. लोक पोर्ट ११२ उघडतात, टीसीपीचा पण आणि यूडीपीचा पण. व्हीआरआरपीला पोर्ट नसतो, ११२ हा आयपी प्रोटोकॉलचा नंबर आहे, टीसीपीचा ६ आणि यूडीपीचा १७ असतो तसा. फायरवॉलडीत रिच रूल लिहून व्हीआरआरपी प्रोटोकॉलला परवानगी द्यायची, आयपीटेबल्समध्ये प्रोटोकॉल ११२ स्वीकारायचा. टीसीपीडंपमध्ये पॅकेट दिसतंय म्हणून फायरवॉल बरोबर आहे असं समजू नका, टीसीपीडंप फायरवॉलच्या आधीच बघतो.

पॅकेट पोचूनही दोघे मास्टर असतील तर दोन्हीकडची सेटिंग ओळीने ताडून बघा. व्हर्जन २ मध्ये जाहिरातीचा वेळ दोन्हीकडे सारखा नसेल तर पॅकेट टाकून दिलं जातं, एकाकडे १ आणि दुसऱ्याकडे २ सेकंद चालत नाही. व्हर्जन ३ मध्ये बॅकअप मास्टरचाच वेळ धरतो. एकाकडे व्हर्जन २ आणि दुसऱ्याकडे व्हर्जन ३ असेल तर जमणारच नाही. पासवर्डच्या नादी लागू नका, तो साध्या अक्षरांत जातो, कीपअलाइव्हड त्यातली पहिली आठच अक्षरं घेतो, आणि २००४ च्या आरएफसी ३७६८ या व्हीआरआरपीच्या नियमपत्रातच तो प्रकार काढून टाकला गेला. नवीन कागदपत्रं वाचताना गोंधळू नका, २०२४ च्या आरएफसी ९५६८ मध्ये मास्टरला अ‍ॅक्टिव्ह राउटर म्हटलंय, वस्तू तीच.

ग्रुपच्या नंबरचं सांगायचं राहिलं. नंबर १ ते २५५ मधला कुठलाही चालतो, पण कीपअलाइव्हडच्या नमुना फाईलमध्ये ५१ असतो आणि जग ५१ च ठेवतं. त्याच व्हीलॅनमध्ये दुसऱ्या कुणी वेगळी जोडी ५१ नेच बसवली की लॉगमध्ये अनोळखी पत्त्याच्या तक्रारी सुरू होतात, आणि व्हर्च्युअल मॅक वापरत असाल तर स्विचवर शेवटी ३३ असलेला मॅक दोन पोर्टांवर नाचताना दिसतो, कारण ५१ हेक्समध्ये ३३. पीएफसेन्स हे फायरवॉल सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्यायचं, त्यात कार्प असतो, तो वेगळा प्रोटोकॉल पण नंबर ११२ च वापरतो आणि मॅकची सुरुवातही तीच. मी ग्रुपचा नंबर व्हीलॅनच्या नंबरावरून ठेवते, व्हीलॅन १० ला १०, म्हणजे टक्कर व्हायची शक्यता कमी. क्लाऊडमध्ये मल्टिकास्ट बहुतेक ठिकाणी चालत नाही, तिथे युनिकास्ट पीअर, म्हणजे समोरच्या राउटरचे पत्ते थेट लिहून, द्यावे लागतात आणि दवंडीने आयपी हलत नाही, क्लाऊडलाच सांगावं लागतं, तो अख्खा वेगळा विषय.

व्हीआरआरपीऐवजी सिस्कोचा तसाच एचएसआरपी असेल तर दोन फरक लक्षात ठेवा. हॅलो दर ३ सेकंदांनी आणि वाट १० सेकंद, त्यामुळे ताबा घ्यायला जास्त वेळ लागणं हा बिघाड नाही. आणि प्रीएम्प्ट डिफॉल्टला बंद असतं. चालू केलंत तर सोबत डिले द्या, रीलोडनंतरचा वेगळा देता येतो, तो दोन-तीन मिनिटं ठेवला तरी काही बिघडत नाही, रूटिंग बसायला तेवढा वेळ लागतोच.

आता टेस्ट. सर्व्हिस बंद करून नाही, प्लग काढून. एका पीसीवर आणि वरच्या मजल्यावरच्या एका पीसीवर वेळेसकट पिंग चालू ठेवा, मास्टरचा प्लग काढा, पाच मिनिटं जाऊ द्या, लावा, आणि तो पूर्ण बूट झाल्यावरही अजून दहा मिनिटं पिंग चालू ठेवा. मग हेच दुसऱ्या राउटरचं. मग फक्त बाहेरची केबल काढून. आमच्याकडे सगळं झाल्यावर प्लग काढला तेव्हा चार पिंग गेले आणि परत आला तेव्हा एकही नाही, कारण नोप्रीएम्प्टमुळे तो आता शांतपणे बॅकअप होऊन बसतो. बाहेरची केबल काढली तेव्हाही चारच. दुपारी लाईट अजूनही जाते. रॅकच्या दारावर आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर दोन्ही राउटरच्या कार्डांचे मॅक, कोण कुठल्या पोर्टात, आणि मोठ्या अक्षरात: नेट गेलं तर आधी एआरपी बघून लिहून घ्या, मग मला फोन करा, स्विच बंद करू नका. शिपाई मामांनी परवा तो वाचून स्वतः पीसीवरून मॅक लिहून घेतला आणि फोनवर मला वाचून दाखवला, त्या दिवशी खरं तर आयएसपीचीच केबल रस्त्याच्या खोदकामात तुटली होती, पण गेटवेचा मॅक बरोबर निघाल्यामुळे दोन मिनिटांत कळलं की आपल्याकडे काही झालेलं नाही.